दोन गाड्या आणि अण्णांचा कान

अण्णांच्या कानावर आमच्या मोरिवलीतल्या अख्ख्या आळीचा भरवसा होता. कुणाची मोटरसायकल कुरकुरायला लागली, कुणाचा पाण्याचा पंप घोगरा झाला, कुणाच्या मिक्सरने मान टाकली, की माणूस आधी आमच्या दारात यायचा आणि मग मेकॅनिककडे जायचा. अण्णा लुंगी सावरत बाहेर यायचे, हातात लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प राहायचं असा दंडकच होता. मग डोळे उघडून ते सांगायचे, "टॅपेट सैल झालेत," किंवा "चेन वाजते, बाकी गाडीला काही झालं नाही," आणि ते कधी चुकल्याचं मला आठवत नाही. खरं तर ते मेकॅनिक नव्हतेच. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. मशीन आपलं आपण सांगत असतं, आपण फक्त तोंड बंद ठेवायचं, असं ते म्हणायचे. "मशीनचं ऐकता, मग बायकोचं कधी ऐकणार?" आई विचारायची. हा त्यांचा रोजचा खेळ होता.

घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा. सकाळी कारखान्यांचे भोंगे एकामागून एक व्हायचे आणि त्यांच्यावर आमचं घड्याळ चालायचं. अण्णा ओट्यावर चहा घेत पेपर वाचत बसलेले असायचे, पण एक कान घरात. आत कुकर लागलेला असला की बाहेरूनच ओरडायचे, "शालन, तिसरी झाली, बंद कर, नायतर वालाचा लगदा होईल." आई वालाचं बिरडं फार सुरेख करायची. त्यात नारळाचं दूध, सोबत तांदळाची भाकरी आणि एखाद्या दिवशी सुक्या जवळ्याची चटणी. मला आजही बिरड्याचा वास आला की आधी ती शिट्टी ऐकू येते आणि मग अण्णांची हाक.

ती हाक कधी बंद झाली ते मात्र आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं. अण्णा रिटायर झाले त्याच्या आसपास केव्हातरी. त्याच सुमारास ते फार शांतही झाले. पूर्वी राजकारणावरून शेजारच्या गायकर मामांशी हमरीतुमरीवर येणारा माणूस आता समोरच्याच्या तोंडाकडे बघत, "हो हो, बरोबर," म्हणायला लागला. विनोदावर हसायचे, पण इतरांच्या थोडं मागून. आम्हाला वाटलं, वय झालं, स्वभाव निवळला. मी तर मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंसुद्धा, की आमचे अण्णा आता अगदी देवमाणूस झालेत. माझ्या मूर्खपणाची यादी करायची झाली तर हे वाक्य बरंच वर येईल.

मला बदलापूरच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि रोज जायचं कसं हा प्रश्न आला. सकाळची शिफ्ट. शेअर रिक्षाने जायचं तर दोन ठिकाणी बदलायची आणि तिसऱ्या माणसाच्या मांडीवर बसल्यासारखं जायचं. आईने स्कूटर सुचवली. मला मोटरसायकल हवी होती, आणि तीसुद्धा साधी नाही, पुढे वाकून बसायची, टाकी फुगलेली, बघितल्यावर पोरं वळून बघतील अशी. मोटरसायकल मला अण्णांनीच शिकवली होती, त्यांच्या कारखान्यातल्या मित्राची उसनी आणून, दुपारी रिकाम्या रस्त्यावर. आळीत कुजबुज झाली की मुलीला असली गाडी कशाला. अण्णांनी एकदाच उत्तर दिलं, "तिची मांड पोरांपेक्षा चांगली आहे." त्यानंतर आमच्या दारात तरी कुणी तो विषय काढला नाही.

नवी परवडणार नव्हती, तेव्हा उल्हासनगरला हरूसेठकडे जायचं ठरलं. कॅम्प चारच्या बाजूला त्याची पत्र्याची शेड होती, आत जुन्या गाड्या खेटून उभ्या. हरूसेठ सिंधी, पोट सुटलेला, बोलायला गोड आणि धंद्याला पक्का. पण अण्णांपुढे तो जपून असायचा. जुनी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार म्हटलं की विकणारे आधीच ती चालू करून गरम करून ठेवतात, म्हणजे सकाळचा खोकला झाकला जातो. म्हणून अण्णा गेल्या गेल्या पहिल्यांदा इंजिनाला तळवा लावायचे. कोमट लागलं की एक शब्द न बोलता परत फिरायचे. हरूसेठने हा धडा एकदा घेतला होता, आणि तेव्हापासून अण्णा येणार असले की तो कुणाला किक मारू द्यायचा नाही.

त्या दिवशी दोन गाड्या बाजूला काढून ठेवलेल्या होत्या. एक लाल टू-स्ट्रोक आणि एक काळी फोर-स्ट्रोक. दोन्ही जुन्या, आपापल्या काळात पोरांनी पोस्टर लावावं अशा, आणि दोघींची किंमत जवळजवळ सारखीच. लाल मला बघताक्षणी आवडली. किक मारली की अशी किंचाळून उठायची की अंगावर काटा यायचा. अण्णांनी शांतपणे तिची उणीदुणी काढली. पेट्रोल पिते, वरून ऑइल घालत बसायचं, पावसाळ्यात प्लग काळा होणार, अंगाला धुराचा वास येणार. "पण एक आहे," ते म्हणाले, "रस्त्यात बंद पडली तर पान्याने उघडता येईल. पार्ट कुठेही मिळतात." काळी वजनाने जड होती, हँडल खाली, पार्ट महाग, पण पेट्रोलला परवडणारी आणि आवाजाने सभ्य.

"रोजची गाडी घ्यायची आहे गो, रविवारची नाही," अण्णा मला म्हणाले. "रंग बघू नको. आत काय आहे ते बघू."

आधी लाल. अण्णांनी तळवा लावला, किक मारायला सांगितली, स्क्रू ड्रायव्हर कानामागे लावला. "पिस्टन जरा वाजतो. वर्षभरात बोअर करावं लागेल," ते म्हणाले. हरूसेठने मान डोलावली, कारण ते खरंच होतं. मग काळी. सेल्फ मारला आणि ती पहिल्याच झटक्यात चालू झाली. खालून दमदार ठोके येत होते, एका लयीत. आणि त्या ठोक्यांच्या वर, अगदी पातळ, एक किरकिर होती. पातेल्याच्या बुडाला उलथनं घासावं तशी. मी चार हात लांब उभी होते तरी मला ती ऐकू आली. हरूसेठलाही आली असणार, कारण तो उगाच दुसऱ्या गाडीची सीट पुसायला लागला.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ. त्यांनी टोक एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं, मग तिसऱ्या. मग डोळे उघडले. "ही साफ आहे," ते म्हणाले.

त्या एका क्षणात मला सगळं कळलं. न मोजलेल्या शिट्ट्या, उशिरा येणारं हसू, ते हो हो, आई त्यांच्याशी बोलताना नेहमी समोर जाऊन का उभी राहायची. माझे अण्णा देवमाणूस झाले नव्हते. त्यांना ऐकू येत नव्हतं. त्या प्रेसने दिवसाला आठ तास ठोकून ठोकून त्यांचे कान घेतले होते, आणि आम्ही घरातल्या माणसांनी त्याला शांत स्वभाव म्हटलं होतं.

तेवढ्यात अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "तू पण ऐक."

मी टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ हाडाला लावली. किरकिर थेट डोक्यात घुसली. बेअरिंग. त्यांनीच शिकवलेलं होतं मला, बेअरिंग गेलं की कसं वाजतं ते. मी वर बघितलं. अण्णा माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होते.

"काय? साफ ना?"

शेडमध्ये आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. हरूसेठ होता. या माणसांसमोर मी कसं म्हणू, की अण्णा, आळीने ज्याच्यावर भरवसा ठेवला तो तुमचा कान गेला? मी त्यांच्याकडे तोंड करून, स्पष्ट उच्चार करत म्हणाले, "साफ आहे."

तेव्हा मला वाटलं होतं, मी फार मोठ्या मनाचं काहीतरी करते आहे. आज तेवढं वाटत नाही. थोडी माया होती, खोटं कशाला बोलू, पण त्यात भेकडपणाही बराच होता. तो अवघड प्रसंग मला नको होता. तो टाळायला 'साफ आहे' हे दोन शब्द पुरे होते.

कागदपत्रं काढायला अण्णा आतल्या टेबलाशी बसले तेव्हा हरूसेठ माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "बेटी, धंदा मेरा है, फिर भी बोलता हूँ. लाल वाली ले जा."

"पप्पा ने ये वाली बोला है," मी म्हणाले.

"तूने सुना ना?"

"मैंने कुछ नहीं सुना, सेठ."

त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "साईं, तेरी मर्जी," म्हणाला आणि चाव्या आणायला गेला. गाडी विकणारा माणूस मला खरं सांगायला आला आणि मी त्याला खोटं ठरवून परत पाठवलं, हे आठवलं की आजही माझे कान गरम होतात. त्या दिवशी आम्ही बापलेकीने तिथेच कोपऱ्यावर दाल पकवान खाल्लं. अण्णा खुशीत होते. कांदा जास्त मागून घेतला, आणि पकवान मोडता मोडता म्हणाले, "बघ, काळी तुला शोभते."

पुढचे पाच-सहा महिने मी ते खोटं सांभाळलं. बदलापूरच्या एका मेकॅनिकला गुपचूप दाखवलं. तो म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, क्रँकचं बेअरिंग आहे, चालवू नका. खोललं तर अण्णांना कळणार, म्हणून मी ऑइल बदलून घेतलं आणि चालवत राहिले. एका सकाळी गायकर मामा ओट्यावर येऊन म्हणाले, "अण्णा, पोरीची गाडी किरकिरते वाटतं." अण्णा पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही. मी मामांचा हात धरून त्यांना कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. मामांचे डोळे भरून आले. "नाय बोलणार," म्हणाले. मग एकेकाला सांगावं लागलं. आईला सांगायची गरज पडली नाही. भाकरी थापता थापता ती एवढंच म्हणाली, "मला माहीत आहे. त्यांना कळता कामा नये." लोक आता पंप नि मिक्सर घेऊन यायचे ते आधी दुसरीकडे दाखवून. अण्णांनी काही सांगितलं की, "तसंच होतं बघा," म्हणायचे. अख्खी आळी नाटक करत होती आणि त्याची सुरुवात माझ्यापासून झाली होती.

होळीनंतरच्या एका रविवारी अण्णा म्हणाले, "बारवीला नेतेस का? धरण बघून बरेच दिवस झाले." मी त्यांना मागे बसवलं. बदलापूर मागे पडलं, रस्ता झाडीत शिरला. दोन्ही बाजूला कापलेली भातशेतं कोरडी पडलेली, मध्येच एखादी वाडी, दारात वाळत टाकलेली लाल मिरची. अण्णा पाठीमागून काहीबाही सांगत होते, आपल्या लहानपणी गावाकडे असंच होतं वगैरे. मग त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"थांब गो. पायाला झिणझिण्या येतायत. इंजिनात काहीतरी आहे."

मी मान वळवून, ओठ दिसतील असं म्हणाले, "काही नाही अण्णा, रस्ता खराब आहे."

रस्ता चांगला डांबरी होता. पुढे पाच मिनिटांत इंजिन जाम झालं. मागचं चाक घासत गेलं, मी क्लच दाबून कशीबशी गाडी कडेला घेतली. पडलो नाही, एवढंच नशीब. अण्णा उतरले, इंजिनाजवळ उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. एक भाजीचा टेम्पो मिळाला, त्यात गाडी चढवली आणि आम्ही घरी आलो.

दुपारी जेवण बाजूला ठेवून त्यांनी ओट्यासमोर गोणपाट अंथरलं आणि इंजिन खोलायला घेतलं. मी म्हणाले, मेकॅनिकला देऊ. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं, की खरंच आलं नाही, कोण जाणे. उन्हं कलायच्या सुमाराला बेअरिंग हातात आलं. गोळ्यांना खड्डे पडलेले, कडा जळून निळी झालेली. ते त्यांनी रॉकेलमध्ये धुतलं, फडक्याने पुसलं, उजेडात धरून फिरवलं. मग मला हाक मारली.

"हे पाच महिन्यांचं काम नाही, संगे. हे वर्ष-दीड वर्ष झिजत होतं. घेतली तेव्हासुद्धा वाजत असणार."

मी गोणपाटावरचं फडकं उचलून त्याची घडी घालायला लागले.

"तुला ऐकू आलं होतं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्यांची नजर ओठांवरच होती. मी फक्त मान हलवली. हो.

मला वाटलं ते चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बेअरिंग हळूच गोणपाटावर ठेवलं आणि इतक्या हलक्या आवाजात बोलले, की मला पुढे वाकावं लागलं.

"मला शंका होती गो. वर्षभर होती. काळीला कान लावला तेव्हा खालचे ठोके येत होते, वरचं काहीच येत नव्हतं. एवढी जुनी गाडी आणि वर काहीच नाही? मला वाटलं, बहुतेक माझंच गेलं. म्हणून तर स्क्रू ड्रायव्हर तुझ्या हातात दिला. म्हटलं, संगी आहे ना. ती सांगेल."

आई दारात येऊन उभी होती. तिच्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हिलापण माहीत होतं?" मग शेजारच्या घराकडे. "गायकरला?" मग त्यांनी आळीवरून नजर फिरवली, एकेका दारावरून, आणि पुढचं विचारलंच नाही. हात पुसून ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी त्यांच्या पाठीशी बसून खूप बोलले, रडले, माफी मागितली. नंतर लक्षात आलं, की माझ्याकडे पाठ असल्यामुळे त्यातलं एक अक्षरही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आले आहे. माझा मुलगा मोबाईलवर फोटो बघून जुन्या गाड्या पसंत करतो, दोन मॉडेलांपैकी रोजच्या वापराला कुठलं बरं म्हणून मला विचारतो, आणि मी त्याला मायलेज, पार्ट, वजन असं सगळं भरभरून सांगते. आवाजाबद्दल मी काही सांगत नाही. मला ते जमत नाही.

अण्णांनी त्यानंतर कुणाचं मशीन तपासलं नाही. लोकांनी आणणंही बंद केलं. कानाचं यंत्र आणलं, ते त्यांनी चार दिवस लावलं आणि पेटीत ठेवून दिलं. माझ्याशी ते अबोला धरून बसले असं नाही. बोलायचे, हसायचे, माझ्या लग्नात नाचलेसुद्धा. पण एक सवय त्यांना लागली ती लागलीच. मी काहीही सांगितलं, भाजी ताजी आहे, पाऊस थांबला, जावयाला बढती मिळाली, की ते आधी माझ्या मागे बघायचे. तिथे आई असली तर तिच्या चेहऱ्याकडे, नसली तर जे कुणी असेल त्याच्या. दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पटलं, की मग मला म्हणायचे, "असं का?" मी एवढी वर्षं त्या नजरेची वाट अडवायचा प्रयत्न केला, नेहमी खरंच बोलले, अगदी लागेल असंसुद्धा. उपयोग झाला नाही.

शेवटच्या आजारपणात ते उल्हासनगरच्या एका दवाखान्यात होते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. मी नळावर तोंड धुतलं, आत आले आणि त्यांच्या समोर उभी राहिले. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

मी एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "बरं आहे म्हणाले. सोमवारी घरी सोडणार आहेत."

ते सवयीने माझ्या मागे बघायला लागले. मागे आई उभी होती. तिने तोंडाला पदर लावला होता. अण्णा तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले, मग नजर माझ्याकडे आणली. पहिल्यांदाच त्यांनी ओठांकडे नाही, माझ्या डोळ्यांत बघितलं. माझा हात ओढून घेतला आणि वरून थोपटला.

"साफ ना? मग झालं तर," ते म्हणाले. "सोमवारी जाऊ गो घरी."